सुरीवरील खटला

गेल्या हिवाळ्यांत मी टोरोंटो येथें मुलाच्या घरीं तीन महिने राहिलों होतों. एके दिवशीं संध्याकाळीं, बाहेर बर्फ पडत असतां, आम्ही सर्वजण स्वयंपाकघरांत जमलों होतों : मुलगा, सून, सात वर्षांचा नातू आणि मी. सूनबाईचें घराणें मूळचें चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतलें; तिच्या आईबापांनीं कॅनडांत येऊन बिऱ्हाड थाटलें आणि ती तेथेंच लहानाची मोठी झाली. त्या दिवशीं तिच्या माहेरच्या पद्धतीनें गोमांस आणि भाज्या एकत्र परतावयाच्या होत्या. मी जन्माचा शाकाहारी. माझ्यासाठीं कोबी, गाजर आणि सोयाबीनचें पनीर यांची निराळी भाजी तिनें अगोदरच करून झांकून ठेविली होती. कढई एकच, म्हणून माझें आधीं व त्यांचें मागून, हा क्रम तिनें मीं न सांगतां लावला होता.

नातू ब्रोकोलीचे तुरे मोडून देत होता. मोडतां मोडतां त्यानें फळीवरच्या तांबड्या तुकड्याकडे पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, हें कोणीं मारलें?"

प्रश्न मला होता. मीं मुलाकडे पाहिलें. मुलानें आपल्या बायकोकडे पाहिलें. तिनें हातांतल्या सुरीकडे पाहिलें, आणि मग ती म्हणाली, "आपण नाहीं, बाळा. आपण दुकानांतून आणलें." मुलाचें समाधान झालेलें दिसलें नाहीं; पण तितक्यांत कढई तापली आणि त्या गडबडींत प्रश्न तेथेंच राहिला. माझ्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. सात वर्षांच्या मुलानें एक साधी गोष्ट विचारावी आणि तिघां वडील माणसांनीं ती एकमेकांकडे सरकवावी, हें कांहीं ठीक झालें नाहीं, असें मला वाटत राहिलें.

मांस खावें कीं न खावें हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो मी येथें पुन्हां उकरून काढणार नाहीं. मला विचारावयाचें आहे तें निराळेंच. ताटांतल्या पदार्थामागें जें कृत्य असतें, त्याचा जबाबदार कोण? तें कृत्य आपल्या डोळ्यांपासून दूर नेलें म्हणजे आपली त्यांतून सुटका होते काय? आणि तें न पाहण्यांत जी मनाची हळुवारता दिसते, तिला सद्गुण म्हणावें कीं पळवाट?

प्रथम त्या पाककृतीकडेच पाहूं. कारण प्रश्नाचें बीज तिच्यांत आहे. ती मीं जन्मांत पहिल्यानेंच पाहिली. जनावराच्या पोटाकडील भागाचा तुकडा सूनबाईनें तासभर बर्फाच्या कपाटांत ठेवून किंचित् घट्ट केला होता, म्हणजे सुरी नीट चालते. मांसाचे लांब तंतू कोणत्या दिशेनें जातात तें तिनें बोटानें चांचपून पाहिलें आणि त्यांना आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या केल्या. तंतू लांब राहिले तर घांस चिवट होतो. आडवे कापले म्हणजे प्रत्येक तंतू आंखूड होऊन दाताखालीं सहज तुटतो. चकत्यांना सोया सॉस, तांदुळाची दारू आणि मक्याचें पांढरें पीठ चोळून ठेविलें; त्या पिठाचा लेप मांसाचा रस आंत धरून ठेवितो. कढईतून धूर निघूं लागल्यावर तेल, आलें, लसूण. मग चकत्या, त्याही थोड्या थोड्या. एकदम सर्व टाकल्या तर कढई निवते, पाणी सुटतें आणि परतण्याऐवजीं मांस उकडूं लागतें. तीव्र उष्णतेवर साखर आणि प्रथिनें यांच्या संयोगानें जो तपकिरी रंग व खमंगपणा येतो, त्याचें रसायन मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं दाखवून दिलें. पाण्यांत उकडणाऱ्या पदार्थाला तो येत नाहीं. मिनिटाभरांत मांस बाहेर काढलें. मग गाजर, मग ब्रोकोली, मग ढबू मिरची, असें कठीणापासून मऊपर्यंत. शेवटीं मांस परत आंत. पांच मिनिटांत सारें संपलें.

या कृतीमागें मोठें शहाणपण आहे. जळण थोडें, मांस थोडें आणि माणसें पुष्कळ, अशा देशांत ती वाढली. थोड्याशा मांसाचा स्वाद मोठ्या पातेलेंभर भाजीला देतां येतो आणि चार काटक्यांच्या जाळावर काम होतें. कन्फ्यूशियसच्या आहारनियमांत असें सांगितलें आहे कीं, मांस कितीही असलें तरी तें भातापेक्षां अधिक होऊं द्यावयाचें नाहीं. आणि जें नीट कापलेलें नाहीं तें तो खात नसे. १९४५ सालीं बूवेइ यांग चाओ या चिनी डॉक्टर बाईंनीं अमेरिकेंत आपल्या पाककलेवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. या क्रियेला इंग्रजींत शब्दच नव्हता. आज सर्वत्र रूढ असलेला जोडशब्द त्या पुस्तकानें चालू केला.

परंतु त्या पातळ चकत्या पाहतांना माझ्या मनांत आणखीही एक गोष्ट आली. कापणें जितकें उत्तम, तितकें जनावर अदृश्य होतें. चिनी जेवणाच्या टेबलावर सुरी येत नाहीं. कापण्याचें सर्व काम आंत उरकतें आणि बाहेर येतात त्या केवळ दोन काड्या. जेवणाऱ्याला बैल दिसत नाहीं, पाय दिसत नाहीं, रक्त दिसत नाहीं. दिसतो तो एक घांस. इंग्रजांनीं हेंच भाषेनें साधलें आहे. १०६६ नंतर नॉर्मन लोक इंग्लंडचे धनी झाले. तेव्हां गोठ्यांतल्या जनावराला शेतकऱ्याचा सॅक्सन शब्द राहिला आणि ताटांतल्या मांसाला धन्याचा फ्रेंच शब्द मिळाला. वॉल्टर स्कॉटनें १८१९ सालच्या आपल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरींत एका विदूषकाच्या तोंडून ही गंमत दाखविली आहे. चिनी भाषेंत व आपल्या भाषेंत मात्र जनावराचें नांव मांसाच्या नांवांत तसेंच राहिलेलें आहे. तेवढा आपला शब्द प्रामाणिक.

स्वयंपाकघराच्या या अंतराचा विचार चीनमध्येंच सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं एका थोर तत्त्वज्ञानें केला होता. मेन्शियस हा इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतला. ची राज्याच्या श्वान राजाशीं त्याचें जें संभाषण झालें, त्यांत अशी कथा आहे कीं, राजा दिवाणखान्यांत बसला असतां एक बैल समोरून नेला जात होता. नव्या ओतलेल्या घंटेला रक्ताचा अभिषेक करावयाचा होता, त्यासाठीं. त्या बैलाचें भयानें थरथरणें राजाला पाहवेना. त्यानें बैल सोडावयास सांगितलें आणि संस्कार तर चुकवितां येत नाहीं, म्हणून त्याच्या जागीं मेंढी द्यावयास लाविली. प्रजा म्हणाली, राजा कंजूष आहे; मोठें जनावर वांचविलें आणि लहान दिलें. मेन्शियसनें राजाची बाजू घेतली. तो म्हणाला, हा कंजूषपणा नव्हे, ही करुणेचीच वाट आहे. तुम्हीं बैल पाहिला होता, मेंढी पाहिली नव्हती. सज्जनाला एकदां जिवंत पाहिलेलें जनावर मरतांना पाहवत नाहीं आणि त्याचा आक्रोश ऐकल्यावर त्याचें मांस खाववत नाहीं. म्हणूनच सज्जन स्वयंपाकघरापासून दूर राहतो.

हें उत्तर मीं तरुणपणीं वाचलें तेव्हां मला फार सुंदर वाटलें होतें. मेन्शियसला त्या राजाच्या हृदयांतील कोंवळा अंकुर दाखवावयाचा होता; जी दया बैलापर्यंत पोंचते ती प्रजेपर्यंत कां पोंचूं नये, हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. पण आतां म्हातारपणीं मला त्या मेंढीची आठवण अधिक येते. तिचा अपराध एवढाच कीं, ती राजाच्या समोरून गेली नाहीं. करुणा डोळ्यांवर अवलंबून असेल, तर डोळे मिटण्याची सोय असलेला मनुष्य करुणेपासूनही मोकळा आणि क्रौर्याच्या आरोपापासूनही मोकळा. आणि सज्जन स्वयंपाकघरापासून दूर राहिला, तरी स्वयंपाकघर बंद थोडेंच होतें? तेथें दुसरा कोणी तरी उभा असतोच.

शाकाहारी वाचक येथें म्हणेल, "हा प्रश्न खाणाऱ्यांचा आहे, आम्हांला त्याचें काय?" मीही पुष्कळ वर्षें असेंच म्हणत आलों. म्हणून येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मीं मुलालाही कधीं सांगितली नव्हती.

आमचें घर देशावरचें; वडील गांवीं शेती पाहत. आमच्याकडे एक पांढरा बैल होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीं त्याची खांदेमळणी होई; जूं ज्या ठिकाणीं घासे तेथें हळद आणि तूप मी स्वतः चोळीत असें. दुसऱ्या दिवशीं शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगुरमाळा. आई त्याला ओंवाळी आणि पुरणपोळीचा पहिला घांस त्याचा. पुढें तो म्हातारा झाला. नांगराला चालेना, मोटेला चालेना, बसला कीं उठतांना धडपडे. त्या वर्षीं पाऊस ओढला होता आणि वैरण महाग झाली होती. एका बाजारच्या दिवशीं पहांटे वडील त्याला घेऊन गेले आणि दुपारीं एकटेच परत आले. हातांत त्याचें दावें होतें. तें त्यांनीं खुंटीला अडकविलें. आईनें विचारलें नाहीं, मीं विचारलें नाहीं, आणि वडिलांनीं सांगितलें नाहीं. हेड्यानें त्याला कोणाला विकलें, तें न कळण्याइतके आम्ही कोणी अजाण नव्हतों. त्या पैशांतून त्या वर्षींची माझी फी भरली गेली.

आमच्या घरांत मांसाचा तुकडा कधीं आला नाहीं. आम्ही त्या बैलाची पूजा केली हें खरें, आणि ती मनापासून केली हेंही खरें. पण शेवटीं श्वान राजानें केलें तेंच आम्हीं केलें. त्यानें पाहिलेला बैल वांचविला आणि न पाहिलेली मेंढी दिली. आम्हीं पाहिलेला बैल न दिसेल तेथें पाठविला. आजही माझ्या चहांतलें दूध ज्या धंद्यांतून येतें, त्या धंद्यांत आटलेल्या गाईचें आणि नर वासराचें काय होतें, हें मी विचारीत नाहीं. पायांतल्या वहाणांचें चामडें कोठून आलें हेंही विचारीत नाहीं. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोवधास बंदी झाली आणि २०१५ सालीं ती वळू व बैल यांनाही लागू झाली. त्या कायद्याविषयीं सुजाण माणसांत तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. एवढेंच म्हणतों कीं, कायदा मारणाऱ्याचा हात धरूं शकतो. पण म्हाताऱ्या बैलाला वैरण कोणीं घालावयाची, हा प्रश्न खुंटीवरच्या दाव्यासारखा लोंबकळत राहतो.

जबाबदारी एकमेकांकडे सरकविण्याची आमच्या स्वयंपाकघरांतली ती घटका आठवली कीं मला प्राचीन अथेन्सचा एक विधि आठवतो. तेथें झ्यूस देवाच्या एका उत्सवांत नांगराचा बैल बळी दिला जाई. वेदीवर धान्य ठेवीत आणि बैल तें खाऊं लागला कीं, त्यानें देवाचें धान्य खाल्लें या निमित्तानें एकजण त्याच्यावर कुऱ्हाड घाली आणि कुऱ्हाड टाकून पळून जाई. मग खुनाचा खटला भरे. पोर्फिरी या ग्रंथकारानें या विधीचें वर्णन दिलें आहे. पाणी आणणाऱ्या मुली म्हणत, दोष धार लावणाऱ्यांचा; धार लावणारे म्हणत, हत्यार हातांत देणाऱ्याचा; तो म्हणे, कापणाऱ्याचा; कापणारा म्हणे, सुरीचा. सुरीला बोलतां येत नाहीं. म्हणून ती दोषी ठरे आणि समुद्रांत फेंकली जाई. बैलाचें मांस सर्वजण खात, त्याच्या कातड्यांत गवत भरून तें धूड उभें करीत आणि पुन्हां नांगराला जुंपीत.

हा विधि हास्यास्पद वाटतो. पण त्यांत एक मोठा प्रामाणिकपणा आहे. नांगर ओढणाऱ्या सोबत्याला मारणें हा खून आहे, त्याचा खटला झाला पाहिजे, एवढें त्या लोकांनीं मान्य केलें होतें. त्यांना निकाल तेवढा सोयीचा हवा होता. आपण आज निकालही मागत नाहीं आणि खटलाही भरीत नाहीं.

आपल्या स्मृतिकारानें याच्या नेमकें उलट केलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मांसाशनाला अनुकूल अशीं वचनें आहेत आणि प्रतिकूलही आहेत. त्यांचा मेळ घालतां घालतां टीकाकार थकले. पण त्यांत एक वचन असें आहे कीं, त्यांत पळावयास जागाच नाहीं. अनुमति देणारा, अवयव तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठजण तेथें घातक म्हणून मोजले आहेत. अथेन्समध्यें दोष हातोहात पुढें सरकत शेवटीं मुक्या सुरीवर जाऊन पडतो. येथें तो ज्या ज्या हातांतून जातो त्या त्या हाताला लागतो, आणि सुरीचें नांवही निघत नाहीं. अनुमति देणारा प्रथम सांगितला, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. माझ्या बैलाच्या बाबतींत मी त्या पहिल्या जागीं बसतों.

यावर कोणी म्हणेल कीं, आठांत वाटलें म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अष्टमांशच आला; आणि आजच्या बाजारांत तर आठांचे आठ हजार झालेले आहेत, तेव्हां माझा अंश शून्यवतच. हा युक्तिवाद मोहक आहे, पण खोटा आहे. कर्ज वांटून घेतलें म्हणजे कमी होतें, कारण कर्ज ही मोजण्याची वस्तु आहे. जबाबदारी तशी नाहीं. आठजणांनीं मिळून एकाला नदींत ढकललें, तर प्रत्येकानें अष्टमांश मनुष्य मारला असें कोणतेंही न्यायालय मानीत नाहीं. दुसरा कोणी उलट टोंकाला जाऊन म्हणेल, मग खाणारा आणि मारणारा अगदीं सारखेच. तेंही मला पटत नाहीं. प्रत्येकाला आपल्या भागापुरतें उत्तर द्यावयाचें आहे. पण तें उत्तर दुसऱ्यानें देऊन भागणार नाहीं, एवढेंच त्या वचनाचें मर्म मला दिसतें.

काम वांटलें म्हणजे दोष दिसेनासा होतो, याचें मोठें उदाहरण शिकागोचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील कत्तलखान्यांत जनावर आंकड्याला टांगून फिरत्या रुळांवरून पुढें सरके आणि प्रत्येक मजूर त्यावर एकच घाव, एकच काप, दिवसभर करीत राही. हेन्री फोर्डनें १९१३ सालीं मोटारी जोडण्याची जी चालती रांग सुरू केली, तिची कल्पना या कत्तलखान्यांवरून सुचल्याचें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअरनें 'द जंगल' ही कादंबरी तेथील मजुरांच्या हालांवर लिहिली. देशांत मोठा गहजब झाला आणि त्याच वर्षीं मांसतपासणीचा कायदा झाला. वाचकांना मांसांतल्या घाणीची किळस आली. मांस कापणाऱ्या माणसाची दैना त्या कायद्याचा विषयच झाली नाहीं. अंतराचा हा दुसरा दुष्परिणाम आहे. जनावर आपल्या दृष्टीआड होतें, तसा त्याच्यावर हत्यार चालविणारा मनुष्यही होतो. आपल्याकडे तर त्याला गांवाबाहेर ठेवून, त्याच्या हातच्या कामाचा उपयोग घेऊन, वर त्याचा विटाळ मानण्याची रीत शतकानुशतकें चालली. सुरीला समुद्रांत फेंकण्यांत कोणाचें नुकसान नव्हतें. माणसाला फेंकण्यांत झालें तें नुकसान अजून भरून निघालेलें नाहीं.

आणि तरीही, आश्चर्य असें कीं, चीन आणि भारत या दोन्ही देशांच्या प्राचीन वाङ्मयांत तत्त्वज्ञान शिकविण्यासाठीं खाटिकालाच उभें केलें आहे. मेन्शियसच्याच काळचा च्वांग-त्सू एका आचाऱ्याची गोष्ट सांगतो. तो राजापुढें बैल कापतो. त्याची सुरी १९ वर्षें वापरलेली, पण सहाणेवरून नुकतीच काढल्यासारखी, कारण तो हाडावर घाव घालीत नाहीं, सांध्यांतील पोकळींतून सुरी अलगद नेतो. तें पाहून राजा म्हणतो कीं, आयुष्य कसें जगावें हें मी आज शिकलों. आणि महाभारताच्या वनपर्वांत मिथिलेचा धर्मव्याध आहे. कौशिक नांवाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठीं त्याच्या मांसाच्या दुकानापुढें येऊन उभा राहतो. व्याध सांगतो कीं, मी स्वतः मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों. आणि मी खात नाहीं. पण तेवढ्यावर तो स्वतःला निर्दोष म्हणवून घेत नाहीं. आपलें कर्म घोर आहे हें तो कबूल करतो. आणि मग ज्याला आपण सात्त्विक समजतों त्या शेतीकडे बोट दाखवितो. नांगराच्या फाळाखालीं भूमींतले किती जीव मरतात, हें पाहणाऱ्यानें पाहावें, असें त्याचें म्हणणें आहे.

या दोघांत मला व्याध अधिक थोर वाटतो. च्वांग-त्सूच्या आचाऱ्यापाशीं कौशल्य इतकें आहे कीं, त्यांत बैलाचा विसर पडतो. व्याधापाशीं विसर नाहीं. तो त्या अंतराच्या दोन्ही बाजू पाहूं शकतो. कारण तो दुकानांत उभा आहे, दूर गेलेला नाहीं. कौशिकाची तपश्चर्या मोठी होती, पण त्याला जें कळलें नव्हतें तें यामुळें व्याधाला कळलें.

त्या रात्रीं जेवण झाल्यावर भांडीं पुसतां पुसतां मीं सूनबाईला विचारलें, "तुझ्या आजीच्या हातचीच ना ही कृति?"

ती हंसली. "नाहीं, बाबा. कृति आईची. आजी गोमांस खात नसे. गांवीं त्यांचा भाताचा मळा होता आणि एक बैल होता. ती म्हणे, ज्यानें आपल्याला भात दिला त्याला भाताबरोबर कसें खावयाचें?"

मी क्षणभर कांहीं बोललों नाहीं. माझ्या आईनें हेंच वाक्य म्हटलें असतें. पुढें मला आढळलें कीं, ही केवळ त्या आजीची लहर नव्हती. टांग घराण्याच्या इ. स. ६५३ च्या दंडसंहितेंत स्वतःचा बैल मारणाऱ्यालाही एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा सांगितलेली आहे. शेतकऱ्याच्या सोबत्याविषयींचा हा भाव आपला एकट्याचा नाहीं. जेथें जेथें बैलानें नांगर ओढला तेथें तेथें तो उगवला आहे.

"मग तुझी आई कशी खाऊं लागली?" मीं विचारलें.

"येथें आल्यावर तिच्याकडे मळाही नव्हता आणि बैलही नव्हता," ती म्हणाली. "पण आजी असेपर्यंत ती घरांत शिजवीत नसे. आणि तुम्ही आहांत म्हणून मींही आज दोनदां विचार केला होता."

तिच्या बोलण्यानें माझ्या मनांतल्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. आजीचा नियम कृतज्ञतेचा होता आणि मेन्शियसच्या राजाची हळहळ करुणेची होती. कृतज्ञता कामाच्या संबंधांतून येते; ती दृढ असते, पण अरुंद असते. नांगर गेला कीं तिचा आधारही जातो, आणि मेंढीला ती कधींच मिळत नाहीं. करुणा सर्व जीवांपर्यंत पसरूं शकते. पण ती डोळ्यांच्या आड टिकत नाहीं. या दोन्ही उणिवा भरून काढणारी तिसरी वस्तु म्हणजे उत्तरदायित्व : माझ्यासाठीं जें केलें जातें तें मीं केलेल्यांत धरणें. तिला बैल समोर असावा लागत नाहीं. ती खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला सारखीच लागू आहे. ती कोणाच्या ताटांत काय असावें हें ठरवून देत नाहीं. ताटांत जें आहे त्याकडे पाहून खरें बोलावें, एवढेंच मागते.

हें एवढेंसें मागणें वाटतें, पण त्यांतून पुष्कळ निघतें. ज्यानें खरें पाहिलें तो प्रमाण राखील. भातापेक्षां मांस अधिक होऊं न देण्याचा तो जुना नियम त्याला पाळतां येईल, आणि कोणाला पुढें एक पाऊल टाकून तें मुळींच सोडावेंसें वाटेल. ज्यानें खरें पाहिलें तो हत्यार धरणाऱ्या माणसाचा तिरस्कार करणार नाहीं. त्याच्या मजुरीचा आणि मानाचा विचार करील. आणि जो माझ्यासारखा शाकाहारी आहे, तो दुसऱ्याच्या थाळीकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वीं आपल्या खुंटीवरचें दावें एकदां पाहून घेईल. मी मांस खाल्लें नाहीं आणि खाणारही नाहीं. त्याचा मला पश्चात्ताप नाहीं. पण त्या व्रताची जी घमेंड माझ्या मनांत होती, ती त्या रात्रीं बरीच उतरली.

नातवाला निजवावयाचें काम माझ्याकडे असे. पांघरूण घालतांना मीं म्हटलें, "तूं मघाशीं विचारलेंस ना, कोणीं मारलें म्हणून? एका माणसानें मारलें. तें त्याचें काम आहे आणि तें कठीण काम आहे. पण ज्यांनीं विकलें, ज्यांनीं आणलें, ज्यांनीं शिजविलें आणि ज्यांनीं खाल्लें, त्या सर्वांच्या वतीनें त्यानें तें केलें."

तो विचारांत पडला. "म्हणजे मीही?"

"तूंही."

"पण तुम्ही नाहीं ना? तुम्ही तर खात नाहीं."

मीं त्याला त्या पांढऱ्या बैलाची गोष्ट सांगितली, दाव्यासकट सांगितली. ती ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, "आणि सुरी?"

"सुरीनें कांहीं केलें नाहीं, बाळा," मीं म्हटलें. "ती आपण सांगूं तेंच करते."